व्यवसायाचा रकाना

स्वीडनमधल्या हेर्नोसांद गावच्या वाचनालयात दर मंगळवारी दुपारी दोन वाजता गुनवोर हॅलेनबोर्ग सहा निवृत्त माणसांना कायद्याची तोंडओळख करून द्यायची. पहिल्याच मंगळवारी तिने फळ्यावर एक झाड काढलं होतं. एका फांदीवर सरकार विरुद्ध माणूस, म्हणजे फौजदारी. दुसरीवर माणूस विरुद्ध माणूस, म्हणजे दिवाणी. तिसरीवर माणूस विरुद्ध कचेरी. तिथे सगळ्यात जास्त गर्दी, असं ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते.

गेले अठरा दिवस ती स्वतःच त्या झाडावर चढत होती.

तिच्या खात्यातून चौऱ्याऐंशी हजार क्रोनर गेले होते. बेटावरच्या उन्हाळी घराच्या छपराचे पैसे. पोलिसांनी सहाव्या दिवशी सुबक पत्र पाठवून कळवलं की आरोपी सापडण्याची शक्यता नाही, तपास बंद. बँकेने सांगितलं, हा कराराचा प्रश्न आहे, ओळख पटवायच्या ॲपमधून सही तुम्हीच केलीत. तिसऱ्या कचेरीने तिचं म्हणणं शांतपणे ऐकून पहिल्या दोघांचे पत्ते दिले. प्रत्येक फांदीचं काम वेगळं असतं, हे गुनवोरने सत्तावीस वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. प्रत्येक फांदीला दुसरीचं काम मात्र नेमकं ठाऊक असतं, हे तिला आता कळलं.

उरलं होतं ग्राहकांचं तक्रार मंडळ. त्याच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर 'व्यवसाय' असा रकाना होता, आणि तिथे तिचं पेन अडलं होतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा गंभीर ठरला तर बारा हजार त्याच्या माथी, बाकीचे बँकेने द्यायचे. पण ज्याला सगळं कळायला हवं होतं अशानेच चूक केली, तर सगळेच त्याच्या माथी पडायची भीती.

"आई, नुसतं 'पेन्शनर' लिही," उमिओहून तिची मुलगी इंगेला फोनवर म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही."

"मग?"

"मग काही नाही," गुनवोर म्हणाली आणि पातेल्यातले बटाटे बघायला गेली.

त्या मंगळवारचा विषय ऑनलाइन फसवणूक हा होता. तो तिनेच ऑगस्टमध्ये ठरवला होता, आणि छापील वेळापत्रक बदलण्याची तिला सवय नव्हती. मायकेन विकलांडर या दातांच्या दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिकेने वेलदोड्याचे पाव आणले होते. गुनवोरने तक्रार मंडळाचे कोरे अर्ज टेबलावर ठेवले.

"एक बाई आहे," तिने सुरुवात केली. "वय एकाहत्तर. तिला बँकेच्या सुरक्षा विभागातून फोन येतो. माणूस नम्र. कायद्याचं कलमही सांगतो, फक्त आकडा चुकवतो. बाई त्याला बरोबर आकडा सांगते."

"थांब थांब," तूरे नॉर्लीन म्हणाला. तो फेरीबोटीवर मेकॅनिक होता, आणि गुनवोरच्या छपराचे पत्रे वसंतात तोच बसवून देणार होता. "तिने चोराची चूक सुधारली?"

"तो चोर आहे हे तिला माहीत नव्हतं. त्याने आभार मानले. म्हणाला, इतके जाणकार ग्राहक आजकाल भेटतात कुठे! तिला बरं वाटलं. मग त्याने ॲपमध्ये कोड टाकायला सांगितला. तिने टाकला. दोनदा."

"दोनदा!" तूरेच्या कपातली कॉफी बशीत सांडली. "ही बाई माझ्याकडे पाठव गं. मला एक जुनं इंजिन विकायचंय."

"हसतोस काय मेल्या," मायकेन म्हणाली. "गुनवोर, पण ती करते काय? कलमं पाठ असलेली म्हातारी मी तरी पाहिली नाही."

'पेन्शनर' हा शब्द गुनवोरच्या ओठावर होता. त्यात खोटं काही नव्हतं. पण फोनवरच्या त्या माणसाने तरी खोटं असं कितीसं सांगितलं होतं? तिचं नाव खरं, बँकेचं नाव खरं, कायदाही खरा. एकच गोष्ट त्याने गाळली होती.

"कायदा शिकवते," ती म्हणाली. "मंगळवारी."

तूरेने पावाकडे नेलेला हात मागे घेतला.

"इंजिनाचं राहू दे," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "अर्जात हे लिहिणार आहेस?"

"हो."

"म्हणजे पत्रे गेले."

"गेले."

"ताडपत्री टाकू या उन्हाळ्यापुरती. माझ्याकडे पडून आहे."

मायकेन हातातल्या रुमालाची घडी करत होती. तिसऱ्यांदा. "माझे एप्रिलमध्ये नऊ हजार गेले," ती रुमालाकडे बघतच म्हणाली. "नातवाच्या नावाने मेसेज आला होता. घरी सांगितलं, दात करून घेतले. तीस वर्षं दवाखान्यात काढलीत, कोणाला शंकाही आली नाही."

गुनवोरने एक कोरा अर्ज तिच्यापुढे सरकवला. "आधी तारीख घाल. उशीर झालाय, पण चालेल बहुतेक."

"मलाही एक दे," तूरे खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पुतण्यासाठी."

"पुतण्याचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

या वेळी कोणी हसलं नाही. मायकेनने पावांचं ताट त्याच्याकडे ढकललं, इतकंच. गुनवोरने स्वतःच्या अर्जाचं दुसरं पान उघडलं. रकान्यात तिने 'कायद्याची अध्यापिका' असं लिहिलं. थोडी जागा उरली, म्हणून पुढे 'अजूनही शिकवते' हेही लिहिलं, आणि मायकेनला तारीख कुठे घालायची ते दाखवायला उठली.