पोपटांसाठी काट्या

पिंपरीत संत तुकाराम नगरात ज्ञानदेवांच्या घरी दुपारचा चहा पूर्वी आतल्या खोलीत होत असे. ते पेपरातलं काहीबाही वाचून दाखवत आणि त्यांच्या पत्नी सोजरबाई लसूण सोलत ऐकत. नवे पोपट आले आणि सोजरबाई कप घेऊन गॅलरीत जाऊ लागल्या.

नवे म्हणजे आपल्याकडचे लाल चोचीचे नव्हेत. हे ठेंगणे, करड्या छातीचे. चिखलीत कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटले, असं लोक म्हणत. मैदानाशेजारच्या मोबाइल टॉवरवर त्यांनी काटक्यांचं भलंमोठं घरटं रचलं होतं आणि पलीकडच्या टॉवरवर दुसरं सुरू झालं होतं. काटक्यांसाठी ते ज्योतीरामकडे येत.

ज्योतीराम शेजारी. कंपनीतून निवृत्त झालेला फिटर, लातूरकडचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन्ही गॅलऱ्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा, बाकी काही नाही. त्यानं ग्रिलला जुना खराटा उलटा बांधला होता. पोपट त्यातली एकेक काडी ओढून नेत.

"वहिनी, ही बघा कशी निवडायलीय! साडीच्या दुकानात बसल्यावाणी!"

सोजरबाई हसल्या. ते हसू आत ज्ञानदेवांना ऐकू आलं. खराटा संपत आला तेव्हा सोजरबाईंनी घरातला चांगला खराटा कठड्यावरून त्याला देऊन टाकला, तेही त्यांनी पाहिलं.

एकदा धीर करून ते गॅलरीत गेले. "हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले," ते म्हणाले. "असे सुटलेले पोपट जगभरच्या शहरांत पसरतायत. हे चांगलं नाही."

"म्हंजे आपल्यावाणीच की, ज्ञानदेवराव! मी तरी कुठला पिंपरीचा? आलो, खोली बघितली, राहिलो."

सोजरबाई पुन्हा हसल्या. ज्ञानदेवांना अजून बरंच सांगायचं होतं, पण वाक्य जुळेपर्यंत विषय निघून गेला.

मग त्यांच्या वाचनात आलं की या पोपटांना काटेरी फांद्या फार आवडतात. दुसऱ्या दिवशी ते चिखलीला गेले. वर्कशॉपांच्या मागच्या नाल्याकाठी बाभळीच्या फांद्या मोडल्या, हात ओरबाडून घेतले आणि पोत्यात घालून बसनं आणल्या. "आजोबा, लोकांना टोचतंय," कंडक्टर म्हणाला. सोजरबाई रेशनला गेल्या होत्या. पोपट मधल्या कठड्यावर उतरतात हे ज्ञानदेवांना ठाऊक होतं. त्यांनी फांद्या त्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बांधल्या.

दुपारी सोजरबाई कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. पलीकडून ज्योतीराम आला. त्यानं काट्या पाहिल्या, मग ज्ञानदेवांकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि आत गेला. आतून कडी लागली. दिवसा त्याच्या दाराला कडी लागलेली कुणी ऐकली नव्हती.

"हे काय केलंत?" सोजरबाईंनी विचारलं.

"बाभळीच्या काट्या आहेत."

"दिसतंय मला. गावाकडं वाट बंद करायची असली की अशाच लावतात. येऊ नको म्हणून सांगितलंत त्या माणसाला. आणि मला, जाऊ नको म्हणून."

ज्ञानदेवांनी काट्यांकडे पाहिलं. लहानपणी त्यांनी स्वतः बांधावर अशा काट्या लावल्या होत्या. बांधताना हे आठवलं कसं नाही? की आठवलं होतं? त्यांना खात्रीनं सांगता येईना.

"पोपटांसाठी आणल्या."

"पण ते तर चांगले नव्हते ना?"

"आपल्याकडं यावेत म्हणून."

"कशाला?"

ज्ञानदेवांनी हातात रुतलेला काटा ओढून काढला. "तू तिकडंच बघत बसतेस."

सोजरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "या वयात?" मग म्हणाल्या, "जा, सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत ते."

ज्योतीरामच्या दारापर्यंत जाता जाता त्यांनी चांगली वाक्यं जुळवली. दार उघडलं आणि सगळी गेली.

"पोपटांसाठी होत्या," ते म्हणाले. "काट्या. त्यांना आवडतात, असं वाचलं होतं."

ज्योतीरामनं त्यांचे ओरबाडलेले हात पाहिले. "आयला! मला वाटलं, वहिनींशी बोलतो म्हणून कुंपण घातलं राव तुम्ही!" तो मोठ्यानं हसला.

"तेही होतंच," ज्ञानदेव म्हणाले.

ज्योतीरामचं हसू थांबलं. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, चहा पाजा आता."

तिघं ज्ञानदेवांच्या गॅलरीत बसले. बराच वेळ एकही पक्षी आला नाही. मग एक पोपट उतरला, काटेरी डहाळी ओढू लागला. ती दुसरीत अडकली. तो किंचाळला, भांडल्यासारखा झटापट करत राहिला आणि शेवटी स्वतःपेक्षा लांब डहाळी घेऊन वाकडातिकडा उडाला. सोजरबाई हसल्या, आणि हसताना नवऱ्याकडे वळल्या. ज्ञानदेवांना कानापर्यंत ऊन ऊन वाटलं.

सोजरबाईंनी चहा ओतला. ज्योतीरामच्या कपात, न विचारता, जास्तीचा एक चमचा साखर घातली.

ज्ञानदेवांनी ते पाहिलं. लग्न झाल्यापासून चहा कसाही झाला तरी ते कधी बोलले नव्हते.

"मलाही तेवढीच," त्यांनी कप पुढे केला.