करंगळी नसलेला लहानू

नारपोलीच्या त्या बंद लूमखान्यात, यंत्रमागांच्या शेडमध्ये, मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिफ्ट टाकून माणसं आली होती, पोरं खिडकीच्या गजांना लटकली होती आणि मधोमध उंच गादीवर केसरीनाथ महाराज विराजमान झाले होते. अंगावर भगवी कफनी, मनगटात सोनेरी घड्याळ, आणि बोलणं इतकं गोड की तोंडावर माश्या कशा घोंगावत नाहीत याचंच धम्मदिनाला नवल वाटत होतं.

धम्मदिना सरकारी दवाखान्यातली नर्स. ती दर्शनाला आली नव्हती, पूर्वाला शोधायला आली होती. सोळा वर्षांच्या या पोरीला टीबी झालेला. गोळ्या सुरू झाल्यापासून तिच्या अंगावर जरा मांस चढत होतं, आणि मध्येच ती दवाखान्यात यायची बंद झाली. आता ती पहिल्या रांगेत आजीला टेकून खोकत बसली होती. आजीच्या, म्हणजे चंपामावशीच्या मांडीवर लूमवरून नुकतं उतरवलेलं कोरं कापड होतं.

"हिच्या गोळ्या का थांबवल्यास, मावशी?"

"महाराज बोललं थांबव. आज माझा बा येनार हाय. त्यो हात ठेवील, पोर बरी व्हईल."

"तुझा बा गेला तेव्हा तू परकर नेसत होतीस!"

"म्हणून तर त्याला बघायचंय गं."

चंपामावशीचा बाप लहानू म्हणजे वस्तीतली पहिली शाळा उभी करणारा माणूस. वस्तीच्या इतिहासावर एका मास्तरांनी पुस्तक लिहिलं, ते कुणी उघडलंसुद्धा नाही. मग पोरांनी त्याच्यावरून फिल्म काढली, चौकात पडदा लावला, आणि ती मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही दोन-दोनदा बघितली. लहानूचा फोटो कुणाकडेच नव्हता. पडद्यावर दिसला तोच लहानू, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. फिल्ममधला लहानू शाळेच्या कागदावर अख्खा उजवा पंजा उमटवतो, आणि त्या पंजाला करंगळी नसते. त्या सीनला बाया ढसाढसा रडल्या होत्या. चंपामावशी तर सगळ्यांत जास्त.

महाराजांनी खाकरून गळा साफ केला.

"भक्तहो, आपल्याकडे हातचलाखी नाही! सूत तुमचं, लूम तुमचा, कापड तुमचं. आमचं काय? निव्वळ हळदीचं पाणी! मात्र कापड कोरं पाहिजे. धुतलं की सत्त्व गेलं. अरे, धुतल्यावर सदरा आटतो, मग सत्त्व नाही आटणार?"

"एकदम बरोबर!" गर्दी ओरडली. आपल्याच लूमचं कापड, त्यात कसली आलीय फसवणूक?

महाराजांनी तांब्यातलं पिवळं पाणी उजव्या तळहातावर घेतलं, पाचही बोटं सगळ्यांना दाखवली, हात चंपामावशीनं पुढे केलेल्या कापडाखाली सरकवला आणि डोळे पांढरे केले. "लहानू! लेक बोलावते रे! ये!" अंगाला दोन झटके दिले, हात बाहेर काढला. हात पिवळाच, बोटं पाच. आणि कापडावर हळूहळू काळानिळा पंजा उमटला. करंगळीची जागा कोरी!

"करंगळी न्हाय! लहानूच हाय!"

"बा!" चंपामावशीनं हंबरडा फोडला. "इतकी वर्सं कुठं व्हतास रं!"

"हे पोरीच्या छातीला बांध," महाराज म्हणाले. "पण औषधाचा कण जरी पोटात गेला, तरी तुझा बाप निघून जाईल. पुन्हा यायचा नाही."

समोरच्या ताटात नोटा पडायला लागल्या. धम्मदिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तिला किशन दिसला. लूमवरचा किशन, फिल्ममध्ये लहानूचं काम केलेला. तो डोळे मिटून, हात जोडून उभा होता. तिनं त्याचं मनगट पकडून वर केलं.

"बघा! हा येडा स्वतःच्याच पंजाच्या पाया पडतोय!"

किशननं डोळे उघडून आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याला करंगळी नव्हती.

"माझी तर लूमच्या पट्ट्यात गेली," तो पुटपुटला.

"और लहानू की?" मागून एका कारागिरानं विचारलं.

"मला काय म्हाईत? डायरेक्टर बोलला, हात लपवू नको, भारी दिसतंय."

महाराज गडबडले नाहीत. असे लोक सहसा गडबडत नाहीत. "लहानूला करंगळी नव्हती, म्हणूनच हे काम तुझ्याकडे आलं! दैवी योजना!"

गर्दीतल्या निम्म्या माना लगेच डोलल्या. धम्मदिना चंपामावशीसमोर उकिडवी बसली. जे विचारायचं होतं ते निर्दयी होतं, आणि तिनं ते विचारलं.

"मावशी, बाबरोबर बाजारात जायचीस, तेव्हा त्याचं काय धरून चालायचीस?"

"करंगळी," चंपामावशी पटकन म्हणाली. "उजव्या हाताची. डाव्या हातात पिशवी आसायची. माझ्या मुठीत तेवढीच मावायची."

बोलून झाल्यावर तिला कळलं. तिनं कापडाकडे पाहिलं, आणि करंगळीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

धम्मदिनानं महाराजांचा तांब्या उचलला आणि गादीजवळ ठेवलेल्या प्रसादाच्या भातावर उपडा केला. पांढरा भात काळानिळा झाला.

"बघा, भातातही लहानू उतरला! अरे, हे आयोडीन आहे, जखमेवर लावायचं. पिठाला, भाताला, कांजीला लागलं की निळं होतं. सायझिंगला, विणायच्या आधी, सुताला कांजी कोण लावतं? तुम्हीच! धुतलेल्या कापडात कांजी राहत नाही, म्हणून ह्याला कोरं पाहिजे. कापडाखाली करंगळी मुडपली की झाला लहानू! जन्म गेला तुमचा कांजीत, आणि एकाला आठवली नाही? वस्तीचं पुस्तक उघडलं असतंत तर करंगळीची भानगड त्यात कुठंच नाही, हेही कळलं असतं."

महाराज मागच्या दाराकडे निघाले. किशननं त्यांची कफनी धरली ती पोलीस येईपर्यंत सोडली नाही.

गर्दी पांगली. चंपामावशी मात्र कापड उराशी धरून बसून राहिली. "खोटा तर खोटा," ती म्हणाली, "पर मला भेटला व्हता गं. त्योबी काढून घेतलास."

"घेतला," धम्मदिना म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण तिनं आवाज मऊ केला नाही. "तुझा बा मेलाय, मावशी. कापडातून यायचा नाही, पाण्यातून यायचा नाही. कुणी आणून दाखवतो म्हणाला, तर आधी विचारायचं, कसं? आणि सांगता आलं नाही, तर त्याला दारातून हाकलायचं."

पूर्वा खोकून थांबली. "सिस्टर, मी मरनार काय?"

"गोळ्या सोडल्यास तर मरशील. मधे खंड पडलाय, आता तपासण्या पुन्हा, कदाचित औषधही पहिल्यापासून. त्रास होईल. चल."

पूर्वा उठली. तिला चालवत नव्हतं. चंपामावशीनं कापड तिथंच टाकलं आणि नातीच्या काखेत हात घालून तिला दवाखान्याकडे घेऊन निघाली.