तांबड्या शाईची फीत

मित्रांनो, बेरजेत मी आजवर एकदाही चुकलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कागदाच्या गुंडाळीवर हिशेब छापणारा जुना, जाडजूड कॅल्क्युलेटर आहे. माझ्या फितीत अर्धी शाई काळी, अर्धी तांबडी. जमा काळ्यात, तोटा तांबड्यात. 'माझ्या लक्षातच आलं नाही' म्हणायची सोय मी ठेवत नाही.

कारखान्यात माझं एकेक बटण दहादा दाबून पाहिलं, तेव्हा कुठे मला खोक्यात जागा मिळाली. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या दुकानातून हेमचंद्रने मला घरी आणलं. तो बँकेत अकाउंटंट. मंडळाच्या गणपतीचा हिशेब तो माझ्यावर करायचा आणि माझी पट्टी वहीला टाचायचा. लोक त्याची तारीफ करत, मी मनातल्या मनात वाटा घेत असे.

पुढे त्याची बँक चांगी बिझनेस पार्कमध्ये गेली, लॅपटॉप आला आणि मी विजेच्या बिलांवरचं वजन झालो. तांबडी शाई वाळून गेली. घरात तोटाच नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नाही.

मग २००७ साल उजाडलं. हेमचंद्रचा कॉलेजमित्र विश्वास इंग्लंडमध्ये, भारतीय वस्तीत, खेळांवर पैजा घेणारं छोटं दुकान काढत होता. सिंगापूरमध्ये असं खासगी दुकान चालत नाही, तिथे मात्र रीतसर परवाना मिळतो. भागीदारीसाठी त्याला बत्तीस हजार डॉलर हवे होते. नेमके तेवढेच हेमचंद्र आणि त्याची बायको उल्का यांनी सेंगकांग भागातल्या फ्लॅटसाठी साठवले होते.

मोठा निर्णय म्हणून माझ्यावरची धूळ झटकली गेली. गिऱ्हाइकं वीस, पैज शंभराची. दहा एका बाजूला, दहा दुसऱ्या. जमा दोन हजार. जिंकणाऱ्या दहांना प्रत्येकी एकशेनव्वद, म्हणजे एकोणीसशे गेले. उरले शंभर. कोणीही जिंको, दुकानदार जिंकणारच. मी ते काळ्या शाईत ऐटीत छापलं.

उल्काने पट्टी दोनदा वाचली. "अरे, भारत-पाकिस्तान मॅचला आपल्या लोकांत पाकिस्तानवर पैसे कोण लावणार?"

"अगं, भाव वाढवला, म्हणजे जिंकल्यावर जास्त पैसे देऊ केले, की लोक वळतात. गणित आहे ते."

"गणित असेल, पण माणसं आपली आहेत. पैसे पाठवण्याआधी एकदा लुटुपुटीचं करून बघ."

योग असा, की त्याच आठवड्यात ट्वेंटी-२० वर्ल्ड कपची फायनल भारत आणि पाकिस्तानमध्ये होती. आदल्या दिवशी मंडळाच्या गणपतीला जमलेल्या वीस जणांकडून हेमचंद्रने चिठ्ठ्या लिहून घेतल्या. खरा पैसा एकही नाही. पाकिस्तानचा भाव त्याने दोनदा वाढवला. मंडळातले दिलीपकाका म्हणाले, बाप्पासमोर बसून मी पाकिस्तान लिहू होय? एकोणीस चिठ्ठ्या भारताच्या निघाल्या. विसावी उल्काची. तिला दुकानदाराची दया आली होती.

भारत जिंकला. दुसऱ्या दिवशी उल्काने मला पुसलं, नवी फीत घातली आणि हेमचंद्रसमोर ठेवलं. जमा दोन हजार. एकोणीस जणांना एकशेनव्वदप्रमाणे देणं तीन हजार सहाशे दहा. मी छापलं: सोळाशे दहा, लालभडक. विश्वासचा धंदा याच्या वीसपट असणार होता. हेमचंद्रने वीसने गुणलं. बत्तीस हजार दोनशे. सेंगकांगचा फ्लॅट एका मॅचमध्ये गेला होता.

माझी आधीची बेरीज बरोबरच होती हं. दहा इकडे, दहा तिकडे हे गृहीतक हेमचंद्रचं होतं.

त्याने पट्टी फाडून हातात घेतली. मग हसला.

"उल्का, काल भारत जिंकल्यावर मी काय केलं?"

"नाचलास."

"माझं दुकान बुडत होतं आणि मी नाचत होतो. हा धंदा माझा नाही."

त्याच दिवशी त्याने विश्वासला नकार कळवला.

आता मी सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ राहतो. ती पट्टी फ्रिजवर चिकटवलेली आहे, आणि दर गणपतीला हेमचंद्र न विसरता माझी फीत बदलतो. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र धूळ खात असेल, तर त्याला पुसा, त्याची शाई बघा. काळी संपली तर तुम्हाला लगेच कळेल. तांबडी मात्र वाळू देऊ नका.