अध्यक्ष म्हणाले, विचारा

प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि रुमानाला उभंच ठेवलं.

"हा प्रश्न तुला कुणी शिकवला?"

खुर्चीच्या कडेला टेकलेल्या क्रांती मॅडमनी नजर नखांवर नेली. आदल्या दिवशी स्नेहसंमेलनात संस्थेचे अध्यक्ष माईकवरून म्हणाले होते, "पोरांनो, बिनधास्त विचारा." रुमाना उठली. मुलांना रात्री दहापर्यंत अभ्यासिका उघडी, मग मुलींना सातलाच वसतिगृहात का कोंडता, असं तिनं विचारलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

वादविवाद मंडळाच्या तासाला तो प्रश्न तिच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतला होता तो क्रांती मॅडमनीच. 'कोंडता' हा शब्दही त्यांचाच. रुमाना आधी 'ठेवता' म्हणत होती.

"साहेबांना भरसभेत 'कोंडता' म्हणतेस? हा शब्द तुझा नव्हे."

रुमानानं मॅडमकडे पाहिलं. मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायच्या. जूनमध्ये पुन्हा बोलावणं यायचं की नाही, ते याच टेबलावर ठरायचं. त्यांनी घसा खाकरला. बोलल्या मात्र नाहीत.

"माझाच हाय, सर," रुमाना शेवटी म्हणाली. "मॅडमनी तर इचारू नको म्हनून सांगितलेलं."

प्राचार्यांनी मॅडमकडे समाधानानं पाहिलं. रुमानाची वसतिगृहातली जागा त्याच दुपारी गेली.

सांगलीच्या एसटी स्टँडवर मॅडमनी तिला गाठलं. तिचे वडील वजीरभाई पलूसच्या गाडीची चौकशी करायला गेले होते.

"खोटं का बोललीस गं?"

"तुमी बोलाल म्हनून वाट बघितली, मॅडम." रुमानाच्या आवाजात राग नव्हता. "लय येळ बघितली."

मॅडम काही म्हणणार, तोवर वजीरभाई परतले. मॅडमना बघून त्यांनी हात जोडले.

"समदं सांगितलं पोरीनं. आवं, तुमचं ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती बगा. आता रोजची येजा कोन करनार? बास झालं शिक्शान."

रुमाना खाली बघत नव्हती. ती मॅडमकडेच बघत होती, अजूनही.

गाडी लागली. वजीरभाईंनी ट्रंक उचलली.

मॅडमनी हात जोडले.

"सांभाळून जा," त्या म्हणाल्या.