पंचवीस तारखेचा खिळा

ठक्, ठक् आणि मग "अगं आई गं". माझ्या आयुष्यातले पहिले आवाज हेच. तिसरा घाव माझ्या डोक्याऐवजी आजोबांच्या अंगठ्यावर बसला होता. तेव्हा ते आजोबा नव्हते, तरणेबांड सुतार होते. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतला खिळा बोलतोय. तेव्हापासून जरा वाकडाच आहे.

चाळीस कॅलेंडरं माझ्या गळ्यात पडली आणि उतरली. माणसं तारखेकडे बघतात, खिळ्याकडे कोण बघतो? तक्रार नाही, आपलं सांगितलं.

या घरची सून नर्स. तिला दर सहाव्या दिवशी सुट्टी. मुलगा पाण्याच्या पंपावर कामाला, त्याला दर आठव्या दिवशी. एक घरात आला की दुसरा चपला घालतो.

या महिन्याच्या एक तारखेला मात्र दोघं घरी होते. नातीनं आत्याकडून महिन्यापुरती आणलेली सायकल त्यांच्यासमोर चालवली आणि थेट कुंपणात घातली.

"आता शिकूनच दाखवीन, पण दोघांना एकदम," गुडघा चोळत ती म्हणाली. "नाहीतर राहिलेला म्हणतो, मी कुठे बघितलं?"

मग वही घेऊन ती माझ्याखाली बसली. "सहा आठे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस दिवसांनी." तिचा चेहरा पडला. "तोवर सायकल आत्याकडे परत गेलेली असेल."

आजोबांची शाळा चौथीत सुटलेली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "थांब बाळ. खुणा करून बघू."

आईच्या सुट्टीला फुली: सात, तेरा, एकोणीस, पंचवीस. बाबांच्या सुट्टीला गोल: नऊ, सतरा, पंचवीस. शेवटची फुली गोलात जाऊन बसली.

"चोवीसच दिवस?" नात म्हणाली. "अहो आजोबा, हा तर लसावि. बाईंनी शिकवलाय."

"मग वहीतच ठेवलास होय?"

"तुम्हाला कुणी शिकवला?"

"फळ्यांनी. वर सहा इंची, खाली आठ इंची लावत गेलं की सांधे चोवीस इंचांवर एका रेषेत येतात. तेवढं ध्यानात होतं."

आज पंचवीस. खिडकीतून सायकलची घंटी ऐकू आली. धडपडल्याचा आवाज नाही. मग चार हातांच्या टाळ्या.

भिंत रंगवाल तेव्हा मला उपटू नका, एवढंच मागणं. गिलावा सैल झालाय, पण मला अजून भार पेलतो.

आजोबा पाणी प्यायला आत आले. गोलातल्या फुलीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग तोच जुना ठेचलेला अंगठा माझ्या डोक्यावर ठेवून मला हळूच आत दाबलं, आणि टाळ्यांच्या दिशेनं निघून गेले.