एकशे तीन म्हणजे एकशे तीन

मी थर्मामीटर बोलतोय. काचेचा नव्हे, पाऱ्याचाही नव्हे. मला झटकावं लागत नाही. मी पांढऱ्या प्लास्टिकचा आहे, टोकाला चकचकीत टोपी आणि पोटात बारीकशी बॅटरी. काम झालं की पीं पीं करतो. या गावात मला कोणी थर्मामीटर म्हणत नाही, तापाची काडी म्हणतात. म्हणोत बापडे. माझा धर्म एकच आहे. जेवढा ताप असेल तेवढाच सांगायचा.

हा धर्म मी मोडावा म्हणून एक अख्खं गाव माझ्या मागं लागलं होतं. मी मोडला नाही. का मोडला नाही, तेच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं एका बाईनं आम्हा दहाजणांना कोमट पाण्यात बुडवून परीक्षा घेतली. पाणी शंभर होतं, मी शंभर म्हणालो. माझ्या शेजारचा एकशे दोन म्हणाला. तिनं त्याला उचललं आणि मागं न पाहता टोपल्यात टाकलं. आमच्यात खोटं सांगणाऱ्याला जागा नसते, हे मी त्याच दिवशी शिकलो.

पुढं कोरोना आला. एका दवाखान्यात मला हातोहात फिरवलं, मान दिला. मग कपाळावर धरायची बंदूक आली आणि मी खणात गेलो, पट्ट्यांच्या गुंडाळ्यांखाली. किती वर्षं गेली कोण जाणे. माणसांची ही सवयच आहे. रोग असला की पूजा, रोग गेला की अडगळ.

मला बाहेर काढलं ते नुजहत मॅडमनी. दिल्लीत एक राष्ट्रीय संस्था आहे, मॅडम तिथल्या डॉक्टर. देशात कुठंही न उमगणारा ताप आला की तिथली डॉक्टर माणसं बॅगा भरून निघतात. कधी वटवाघळांच्या मागं जातात, कधी पुरानंतरच्या पाण्याच्या. या वेळी त्यांची जीप यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात आली, मुकुटबनपासून आत, जंगलाच्या कडेच्या या गावात. तीन आठवड्यांत अकरा पोरं तापानं पडली होती. गावातल्या बसंतीबाईची चार वर्षांची नात झटके येऊन गेली होती. मलेरिया तपासला, नाही निघाला. डेंगू तपासला, तोही नाही. मग हे आहे काय?

पथकात चौघं होते आणि मुक्काम शाळेच्या खोलीत. त्यांनी विहिरीचं पाणी बाटल्यांत भरलं, डास धरले आणि उंदीर पकडायला पिंजऱ्यांत भजे ठेवले. त्या भज्यांवर गावानं फार तोंडसुख घेतलं.

"पाह्य वं माय," कांताबाई शेजारणीला म्हणाली, "आपल्याले सरकारी दवाखान्यात रांग, अन् उंदराले गरम भजे!"

ज्या घरात पाच वर्षांखालचं लेकरू, त्या घरात एकेक काडी दिली गेली. मी आलो या कांताबाईच्याच घरी, तिची सून दीपा हिच्या हातात. दीपा तेवीस वर्षांची, सातवी शिकलेली. तिची निकिता अडीच वर्षांची. दीपासारखी बाई मी दवाखान्यातही पाहिली नव्हती. पोरगी झोपली तर ही तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास पाही. पोरगी जास्त खेळली तरी हिला घोर, कमी खेळली तरी घोर. पहिल्या दिवशी तिनं मला आठ वेळा लावलं. त्यातही पहिल्यांदा फ्रॉकवरूनच. मी पंच्याण्णव दाखवलं, तशी ती ओरडली, "विमलताई! पोरगी थंडी पडली वं!"

विमलताई गावातली आशा सेविका. ती पोट धरून हसली. "अवं, फराकावरून काय मोजून राह्यली? काखेत लाव, कातडीले. अन् पीं होईस्तोर हात दाबून धर."

दीपा शिकली. वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहायची. अक्षर गोल, रेघेवर बसलेलं.

आणि मग मारोतरावांच्या अंगणात बैठक झाली. मारोतराव गावातले मोठे कास्तकार. पंचायतीत नसले तरी शब्द त्यांचाच. अंगणात पहिल्या वेच्याचा कापूस पडला होता. मी दीपाच्या पदराच्या गाठीत होतो, सगळं ऐकत होतो.

"ज्या पोराचा ताप वहीत चढला, ते पोरगं यवतमाळच्या दवाखान्यात," मारोतराव म्हणाले. "त्याच्यासंगं माय गेली. अशी दहा पोरं झाली की गाव सील. कोरोनात पाह्यलं ना? रस्त्याले बांबू बांधले होते. आता कापूस फुटून राह्यला. बाहेरच्या बाया वेचाले येतीन काय? गाडी येईन काय?"

मग त्यांनीच वाट सांगितली. "पथक नऊले येते. तुम्ही सातले पोराले तापाची गोळी द्या. नऊले काडी लावा. चार दिवसांत जातीन निघून."

दुसऱ्या दिवसापासून घरोघरी तसंच झालं. निकितालाही त्याच दिवशी कणकण आली. कांताबाईनं सातला गोळी चारली आणि दीपानं नऊला मला लावलं. अठ्ठ्याण्णव, पॉइंट सहा. तिनं लिहिलं. लिहिताना हात थोडा थांबला, पण लिहिलं.

मला दोष देऊ नका. मी खोटं बोललो नव्हतो. मला खोट्या वेळी विचारलं होतं.

गोळ्या सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी नुजहत मॅडमनी सगळ्या वह्या पाहिल्या आणि विमलताईला विचारलं, "अकरा बच्चे बीमार थे, अब एक को भी बुखार नहीं. ये बीमारी है या मेहमान, कि हमें देखकर चली गई?" विमलताईनं खाली पाहिलं. तिलाही याच गावात राहायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी निकितानं चहात बुडवलेलं बिस्कीट तोंडात घेतलं आणि तसंच ठेवलं. गिळेना. "निके, ए निके," दीपानं हाक मारली. पोरीनं डोळे उघडले, पण आईकडं पाहिलं नाही. भलतीकडंच पाहत राहिली.

सातला अजून वेळ होता. दीपानं मला काखेत लावलं. मी पीं पीं केलं आणि एकशे तीन दाखवलं.

कांताबाई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. "धर तिचं तोंड."

"थांबा बाई."

"काहून वं?"

"आज गोळी आधी नाही. आज हाच आकडा मॅडमले दाखवते."

"येडी झाली काय? कपिलले माहीत झालं तं?"

कपिल दीपाचा नवरा. तो पहाटेच वावरात गेला होता. उत्तर कुंपणापलीकडून आलं. बसंतीबाई तिथं शेणाची पाटी घेऊन उभी होती. नात गेल्यापासून ती कोणाशी फारसं बोलत नव्हती.

"माह्या पोरीलेही रोज गोळीच देल्ली," ती म्हणाली. "ताप उतरे. आम्ही म्हणो, बरी झाली. संध्याकाळी पुन्हा चढे. पाच दिवस असंच फसवलं आम्ही आमालेच." एवढं बोलून ती पाटी घेऊन निघून गेली.

दीपानं निकिताला खांद्यावर टाकलं, मला मुठीत धरलं आणि चालू लागली. तिची मूठ घामानं ओली होती. भीत होती ती, हे मला माहीत आहे. पण तिचे पाय भीत नव्हते. मागून कांताबाई बोलावत येत होती.

वाटेत मारोतराव भेटले. "कुठं चालली सूनबाई?"

"शाळेत, मामाजी."

"नऊ कुठं वाजले? गावाचं नाव खराब करतं काय?"

दीपानं पदर सावरला. या माणसासमोर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. "गावाच्या नावाचं मले नाही समजत, मामाजी. पोरीचं नाव निकिता आहे. वहीत तेच लिवाले सांगते."

आणि ती थांबली नाही. मारोतरावांना बाजूला सरावं लागलं.

शाळेत नुजहत मॅडमनी माझा आकडा पाहिला. मग स्वतःची काडी लावली. तिनंही एकशे तीनच सांगितलं. सख्खी बहीणच निघाली माझी. "सुबह दवाई दी क्या?" मॅडमनी विचारलं.

"नाही देल्ली. पण तीन दिवस देत होतो, मॅडम. सगळे देतात. तुम्ही यायच्या आधी."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. रागावल्या नाहीत. पोरीला टेबलावर निजवून त्यांनी कानामागं पाहिलं, मानेवर, काखेत, जांघेत पाहिलं. काही नव्हतं. मग त्यांचा हात कमरेशी आला.

निकिताच्या कमरेला काळा करदोडा होता, त्यात ओवलेला बिब्बा. नजर लागू नये म्हणून बारशाला कांताबाईनंच बांधलेला.

"त्याले हात नोका लावू!" कांताबाई दारातून ओरडली. "जन्मापासून आहे तो."

बिब्ब्याखाली कातडीवर काळं काहीतरी होतं. वर चुना लावलेला.

"ये क्या है?"

"काही नाही. बिब्बा उतला आहे. तेल लागते त्याचं, कातडी जळते. मी चुना लावला." कांताबाई खोटं बोलत नव्हती. गावात कोणालाही विचारा, बिब्ब्याखालचा काळा डाग म्हणजे बिब्बा उतला, हेच सांगतील. आणखीही काही घरांनी तेच मानलं होतं.

दीपा त्या डागाकडं पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, बिब्बा अडीच वर्षांचा आहे. वाळून खडंग झाला. त्यात तेल राह्यलं कुठं? आता कायचा उतते?"

कांताबाईनं पुढं येऊन बिब्बा चाचपला.

"कात्री द्या," दीपा म्हणाली.

"दीपे, पोरीले नजर लागन! मी सांगते तुले, कापू नोको!"

"लागू द्या. नजर मी उतरवीन." आणि आईनंच कच्चकन करदोडा कापला. कात्री वाकडी गेली नाही.

चुना पुसल्यावर खाली दिसली एक काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडं. मॅडमनी वाकून ती नीट पाहिली. मग सोबतच्यांना म्हणाल्या, "मिल गया."

हा रोग गवतातल्या किड्याचा. स्क्रब टायफस म्हणतात. किडा रव्याच्या कणाहून बारीक असतो. उंदरांच्या अंगावर जगतो, गवतात पडतो. आया सोयाबीन सोंगतात, कापूस वेचतात आणि लेकरू धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात निजवतात. किडा अंगावर चढतो आणि जिथं काहीतरी आवळलेलं असेल तिथं थांबून चावतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. औषध आहे, साधं आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. फक्त वेळेवर द्यावं लागतं. मॅडमनी रक्त घेतलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. औषधाचा पहिला डोस तिथंच, शाळेच्या टेबलावर दिला आणि जीप यवतमाळला काढली.

त्या दिवशी विमलताईच्या कात्रीला उसंत नव्हती. घरोघर करदोडे सुटले. आणखी सहा लेकरांच्या अंगावर ती खपली निघाली. चौघांची करदोड्याखाली, एकाची कानामागं, एकीची काखेत. सगळ्यांना औषध मिळालं.

यवतमाळला मी दीपाच्या मुठीतच होतो. एकशे तीन. मग एकशे दोन. दवाखान्यात नर्सची काडी होती, तरी दीपाला माझ्याकडूनच ऐकायचं असे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अठ्ठ्याण्णव म्हणालो. तिनं नर्सला आधी विचारलं, "ताई, तापाची गोळी देल्ली काय हिले?" नर्स म्हणाली, "नाही, कालपासून दिलीच नाही." तेव्हा कुठं ती भिंतीला टेकून रडली. निकितानं मला ओढून तोंडात घातलं आणि चावलं. त्या दाताचा वण अजून माझ्या अंगावर आहे. मी तो मिरवतो.

गाव सील झालं नाही. हा रोग माणसापासून माणसाला होतच नाही, हे विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कापूस वेचला गेला. घरांभोवतीचं गवत कापलं. लेकरं आता वावरात बाजेवर निजतात. कांताबाईनं नवा बिब्बा ओवला, पण तो बाजेच्या पायाला बांधला. दीपानं तो सोडला नाही. तेवढं चालतं.

मागच्या आठवड्यात मारोतराव आले, नातू कडेवर. दारातच घुटमळले.

"सूनबाई, ते काडी आहे काय? आमची कुठी गेली तं..."

दीपानं मला काढलं. लावायच्या आधी तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "गोळी देल्ली काय, मामाजी?"

"नाही वं," ते जमिनीकडं पाहत म्हणाले. "पहिले मोज."

आता मी म्हातारा झालो. बॅटरी उतरत चालली, आकडे फिके पडतात. परवा आठाची एक रेघ उगवलीच नाही, तो शून्यासारखा दिसला. म्हणून आताच सांगून ठेवतो. ज्या दिवशी माझा आकडा धड दिसणार नाही, त्या दिवशी मला टोपल्यात टाका. दया करू नका, नवा आणा. खोटं सांगत जगणारा मी नाही.

पण तोवर मी आहे. तापाची गोळी माझी वैरी नाही, द्या खुशाल. फक्त मला तिच्या आधी विचारा. लेकराचे कपडे काढून पाहा, करदोडा सरकवून पाहा. आणि मी एकशे तीन म्हणालो, तर ते अठ्ठ्याण्णव करायला बसू नका. लेकरू उचला आणि चालू लागा. वाटेत कोणी आडवं आलं, तर तेही सरकतं. मी पाहिलं आहे.