आत अडकलेली वाळू

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर रोहिणी पगारे पायरीवर बसली होती. हातात मेथीची जुडी आणि दुधाची पिशवी, ओझं काय ते एवढंच. तरी छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि कपाळावर घाम फुटला होता. घर अजून एक मजला वर होतं. शेजारच्या तेजलने दार उघडलं, तिला पाहिलं, "वहिनी, आज पण?" म्हणून हसली आणि दार लावून घेतलं.

सातपूरच्या त्या इमारतीत रोहिणीचं जिन्यात बसणं हा एव्हाना विनोद झाला होता. तुमच्या-आमच्या इमारतीतही असं कुणीतरी जिन्यात बसलेलं असतं, आणि आपणही असेच हसून दार लावतो. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही!

जानेवारीत तिला कोरोना झाला. ताप आठवड्यात उतरला, खोकला गेला, घरचे निर्धास्त झाले. धाप मात्र गेली नाही. रोहिणी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची. ताप गेल्यावर ती वर्गात उभी राहिली आणि कवितेचं एक कडवं एका दमात म्हणता येईना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी तिने रजा टाकली.

एक्स-रे झाला, नॉर्मल. सीटी स्कॅन झाला, तोही नॉर्मल. बसल्या जागी बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन सत्त्याण्णव. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "मनाचं आहे. कामात गुंतवा त्यांना."

झालं! घराला आयतं कोलीत मिळालं.

"आमाला बी ताप आले," सासू भिमाबाई म्हणायच्या. "हंडे वाहिले आमी तापात. आताच्या बायांना लय लाड!"

आणि नवरा? प्रफुल्ल पगारे एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. इंजिनाचे ओतीव भाग तपासायचे आणि चांगल्या नगावर हिरवा स्टिकर लावायचा, हे त्याचं काम. कडक माणूस अशी त्याची ख्याती. त्याने ते दोन रिपोर्ट टेबलावर आपटले आणि म्हणाला, "हे बघ, इथे लिहिलंय. नॉर्मल! आता मी मशीनवर विश्वास ठेवू का तुझ्यावर?"

"मला... श्वास पुरत नाही हो."

"मग मशीन खोटं बोलतं का?"

रोहिणीने रिपोर्ट उचलून पाकिटात ठेवले. वाद घालायलाही श्वास लागतो.

रविवारी प्रफुल्लने बैठक बोलावली. सून ऐकेना की माहेरच्यांना बोलावून तिला चारचौघांत उभं करायचं, ही आपली जुनी रीत. आजारी बाईचाही असा निवाडा करतात, आणि करणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही! सिन्नरहून तिचा धाकटा भाऊ राकेश एसटीने आला. चहा झाला. मग प्रफुल्लने सरळ विषय काढला.

"राकेश, हिला काही झालेलं नाही. घरातलं आई करते, डबा मी भरतो. थोडे दिवस घेऊन जा सिन्नरला. सोंग उतरलं की पाठव."

रोहिणी कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तिच्याशी कुणीच बोलत नव्हतं.

राकेश ओशाळून म्हणाला, "दाजी, एक ऐका. आमच्या कंपनीतल्या एकाला असंच व्हायचं. नाशकातच एका हॉस्पिटलात अशा लोकांचा अभ्यास चाललाय. वेगळ्याच प्रकारचा स्कॅन काढतात. तेवढं एकदा करा, तुम्ही सोबत चला. त्यातपण काही नाही निघालं तर मी ताईला घेऊन जातो, परत शब्द काढणार नाही."

"ठरलं," प्रफुल्ल म्हणाला.

दोघा पुरुषांचं ठरलं! जिची छाती, तिला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

त्या अभ्यासाचं काम बघणाऱ्या डॉ. संजना बोरस्ते पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी आधी प्रफुल्लला बाहेर बसवलं आणि रोहिणीचं सगळं ऐकून घेतलं, ती मध्ये मध्ये थांबत होती तरी घाई केली नाही. मग तपासणी झाली. मास्कमधून औषधाची वाफ श्वासात घ्यायला दिली, ती कुठे कुठे पोचते त्याचं चित्र कॅमेऱ्याने टिपलं. नंतर शिरेतून औषध सोडलं आणि रक्त कुठे कुठे पोचतं त्याचं चित्र काढलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर फुप्फुसांची दोन चित्रं होती.

"हे हवेचं. बघा, सगळीकडे भरलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नॉर्मल," प्रफुल्ल लगेच म्हणाला.

"थांबा. हे रक्ताचं."

दुसऱ्या चित्रात जागोजागी काळे तुकडे होते, कडेला जास्तच. हवा तिथे पोचत होती, पण ती उचलायला रक्तच पोचत नव्हतं.

"पण सीटी तर..."

"तो सीटी फुप्फुस कसं दिसतं ते सांगतो. इथे ते काम कसं करतंय ते दिसतं. तुम्ही काय करता, पगारे?"

"क्वालिटीत आहे. इंजिनाची कास्टिंग तपासतो."

"बाहेरून बघून पास करता?"

"छे!" प्रफुल्ल दुखावल्यासारखा म्हणाला. "बाहेरून बघून काय कळतं? ओतताना वाळू वापरतात, ती कधीकधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या आतल्या वाटेत अडकून राहते. वरून नग एकदम चकाचक. म्हणून आम्ही आतून पाणी सोडून बघतो. पलीकडून नीट आलं नाही तर..."

तो मध्येच थांबला. त्याचे डोळे पडद्यावरच्या काळ्या तुकड्यांवर खिळले.

"बोला ना," डॉक्टर म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "लोखंडाच्या तुकड्यासाठी पाणी सोडून बघता तुम्ही! आणि बायकोला? तिला बाहेरून बघून शिक्का मारलात? ती आठ महिने सांगतेय आणि तुम्ही तिला सोंगाडी ठरवता!"

प्रफुल्लची मान खाली गेली. "चुकलं माझं," तो पुटपुटला. "रोहिणी, आता माझा विश्वास बसला. खरंच."

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? नवरा सुधारला, बायकोने डोळे पुसले. पण रोहिणीने डोळे पुसले नाहीत. ती उठून उभी राहिली.

"विश्वास... कुणावर बसला? या चित्रावर. माझ्यावर नाही." तिने दम घेतला. "आणि हे डाग... आले नसते तर? तर आज मी... सिन्नरच्या गाडीत असते. खोटारडी म्हणून! धाप तर... तीच असती ना?"

प्रफुल्ल तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या महिन्यांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदाच एवढं बोलली होती.

"बरोबर विचारलंत," डॉ. बोरस्ते हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे असेही पेशंट आहेत ज्यांच्या या चित्रातसुद्धा काही दिसत नाही. दम त्यांनाही लागतो. ते खोटं बोलत नाहीत. आमचं यंत्र अजून तिथवर पोचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या पुढच्या तपासण्या करून औषध ठरवू. जादू होणार नाही, वेळ लागेल. पण तुम्हाला काही झालेलंच नाही, असं आता कुणी ऐकवणार नाही."

परतताना रोहिणी पुन्हा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली. प्रफुल्लही शेजारी पायरीवर बसला. तेजलचं दार उघडलं.

"वहिनी, आज पण?"

"हो, आज पण," प्रफुल्ल म्हणाला. "आणि उद्यापण बसेल. तिच्या फुप्फुसात जागोजागी रक्तच पोचत नाही. हसायचं असेल तर मला हसा, आठ महिने मीपण तेच केलं."

तेजलचा चेहरा उतरला. वर कठड्याशी उभ्या भिमाबाईंनी ते सगळं ऐकलं. त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन गुडघे सांभाळत खाली आल्या. ते भिंतीला टेकवून म्हणाल्या, "पायरी गार असती, पोरी. हे हितंच राहू दे." मग खाली मान घालून म्हणाल्या, "मला बी दम लागायचा तवा, हंडे वाहताना. कुणाला सांगितलं नाय. कोण ऐकणार होतं?"

रोहिणीने त्यांचा हात धरून त्यांनाच आधी स्टुलावर बसवलं.

तर मंडळी, एवढंच ध्यानात ठेवा. यंत्राला दिसलं नाही म्हणजे माणूस खोटं बोलतं, असं होत नाही. यंत्रं सुधारायला डॉक्टर आहेत. आपल्याला फक्त समोरच्याचं ऐकून घ्यायचं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही की शिक्षण. कुणी "दम लागतो" म्हणालं तर आधी त्याला बसायला द्या, रिपोर्ट मागाहून मागा!

रोहिणीने प्रफुल्लला अजून माफ केलेलं नाही. तो रोज तिच्याबरोबर जिना चढतो, तिच्या चालीने, आणि वळणावर ती थांबली की काही न विचारता थांबतो.